नकाशा हिरवा, पण लिंक बंद!

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

आजचा भाग आहे छोटं इंटरनेट नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी. केबलवाले असोत, कॉलेजचं नेटवर्क सांभाळणारे असोत, सगळ्यांच्या भिंतीवर आजकाल एक स्क्रीन असते. त्यावर नेटवर्कचा नकाशा, आणि सगळं हिरवंगार. प्रश्न असा, की त्या हिरव्या रंगावर विश्वास किती ठेवायचा?

उदाहरण नागपूरचंच घेऊ. समजा तुमचे तीन राउटर आहेत: सीताबर्डी, वाडी आणि हिंगणा. बाहेरचं इंटरनेट सीताबर्डीला येतं. तिघांना जोडणाऱ्या तीन फायबर, म्हणजे रिंग झाली. आपल्या रिंग रोडसारखंच, एक बाजू बंद पडली तर दुसऱ्या बाजूनं फिरून जायचं.

आता वाडीच्या रस्त्यावर खोदकाम सुरू झालं आणि जेसीबीनं सीताबर्डी-वाडी फायबर तोडली. ओएसपीएफनं काही सेकंदांत वाट बदलली आणि वाडीचा ट्रॅफिक हिंगण्यावरून सुरू झाला. ग्राहकांना काही कळलं नाही. छान! पण तुम्हालाही कळलं नाही. कारण तुमचं सॉफ्टवेअर वाडीच्या राउटरला फक्त पिंग करतंय, आणि तो पिंगही हिंगण्यावरून फिरून पोचतोय. नकाशा हिरवाच.

आठ दिवसांनी हिंगणा-वाडी फायबर तुटते. पूर्ण वाडी बंद. फोनवर फोन, "काहून बंद आहे भाऊ नेट?" तुम्ही एक बिघाड शोधायला निघता, आणि निघतात दोन. रिंगवर खर्च केला, पण त्या आठ दिवसांत रिंग नव्हतीच.

रेषेवर लक्ष ठेवा

पिंग सांगतो की राउटर जिवंत आहे. उत्तर कुठल्या वाटेनं आलं, हे तो सांगत नाही. म्हणून लिंकची चौकशी वेगळी करावी लागते, आणि त्यासाठी एसएनएमपी आहे. 1988 पासूनचा हा प्रोटोकॉल, यूडीपीच्या 161 पोर्टवर चालतो. राउटरच्या प्रत्येक इंटरफेसची स्थिती आणि त्यावरून गेलेले बाइट त्यातून वाचता येतात. फक्त 'पब्लिक' हा कम्युनिटीचा ठरलेला शब्द आधी बदला, बरं का.

मिक्रोटिकचं 'द ड्यूड' वापरत असाल तर नकाशावर रेष ओढताना ती 'सिंपल' ठेवू नका. त्या रेषेची नुसती शोभा होते. एसएनएमपी किंवा राउटरओएस निवडा आणि नेमका इंटरफेस जोडा. लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स असेल तरी तत्त्व तेच. मग सीताबर्डी-वाडी रेषेवर ट्रॅफिक शून्य आणि सीताबर्डी-हिंगणा रेषेवर दोघांचा भार, हे नजरेला लगेच दिसतं. म्हणून अलार्म फक्त जास्त ट्रॅफिकवर लावू नका, भर संध्याकाळी ट्रॅफिक शून्यावर आला तरी वाजला पाहिजे.

मीडिया कन्व्हर्टरची गंमत

इथे एक अडचण आहे. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असेल तर पुढची फायबर तुटली तरी राउटरचा पोर्ट 'अप'च दिसू शकतो, कारण त्याची तांब्याची केबल कन्व्हर्टरपर्यंत शाबूत असते. म्हणून ओएसपीएफचे शेजारी मोजा. आपल्या त्रिकोणात प्रत्येक राउटरला दोन शेजारी, दोघेही 'फुल' स्थितीत हवेत. एक जरी कमी झाला तरी मेसेज आला पाहिजे.

आकडे खोटे का दिसतात?

ट्रॅफिकचा आलेख मध्येच वेडावाकडा दिसतो? बहुतेक 32 बिटचा काउंटर वापरताय. एक गिगाबिटची लिंक पूर्ण भरून चालली तर तो जेमतेम 34 सेकंदांत पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही दर पाच मिनिटांनी वाचत असाल, तर मधल्या फेऱ्या हरवल्या. 64 बिटचा काउंटर निवडा, काम झालं.

तुटण्याआधीची सूचना

फायबर दर वेळी एकदम तुटते असं नाही. वाकते, जोड खराब होतो, कनेक्टरवर धूळ बसते. एसएफपी मॉड्यूलमध्ये येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजायची सोय असेल तर तीही नकाशावर आणा. लिंक चालू केली त्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा. तीन डीबी कमी झाले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. लिंक अजून चालतेय, पण आज माणूस पाठवायची वेळ झाली. त्याच जागी तापमानही मिळतं. साध्या एसएफपीची मर्यादा 70 अंशांची असते, आणि नागपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेली लोखंडी पेटी... तुम्हाला काय सांगायचं!

आता परीक्षा

हे सगळं लावून झालं की एक काम नक्की करा. पहाटे तीनला, आधी सगळ्यांना कळवून, रिंगमधली एक पॅचकॉर्ड स्वतः काढा. ग्राहकांचं नेट चालू राहिलं पाहिजे, नकाशावरची रेष लाल झाली पाहिजे आणि तुमच्या मोबाइलवर मेसेज आला पाहिजे. मेसेज मात्र मोबाइल कंपनीच्या नेटवर येऊ द्या, आपल्याच बंद पडलेल्या लिंकवरून नको. तिन्हीपैकी एक जरी झालं नाही, तर काय दुरुस्त करायचं ते कळलं. पॅचकॉर्ड परत लावायला विसरू नका!