न्हावऱ्याची काळी वाळू आणि कोबाल्टचा कण

न्हावऱ्याच्या एका वाचकाने विचारले आहे : ओढ्याच्या वाळूतून चुंबक फिरवला की काळे कण त्याला लोंबतात, तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिता ते चुंबकी नॅनोकण हेच का? प्रश्न असा नेमका आहे की आजचा लेख त्यालाच द्यायला हवा.

ते कण बहुतेक टिटॅनोमॅग्नेटाइटचे. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात, हे खनिज असतेच. खडक झिजला की ते सुटते आणि जड असल्याने वाळूत साठते. पण ०.१ मिलिमीटरच्या एका दाण्यात हजार कोटी कोटींच्या घरात अणू भरतात. मी ज्याविषयी लिहितो त्या प्रयोगातल्या कोबाल्टच्या नॅनोकणात ते फार तर तीनेक हजार. इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते, आणि अणू वाढले की त्या पातळ्या एकमेकींना इतक्या खेटतात की वेगळ्या मोजताच येत नाहीत. या प्रयोगात नेमक्या त्या पातळ्याच एकेक वाचायच्या असतात, म्हणूनच वाळूचा दाणा इथे चालत नाही.

कॉर्नेल विद्यापीठात डॅन राल्फ यांच्या प्रयोगशाळेत ४ नॅनोमीटरहून लहान कोबाल्टचा कण ॲल्युमिनियमच्या दोन टोकांमध्ये बसवला होता. दोन्ही बाजूंना ऑक्साइडचा पातळ थर, तो इलेक्ट्रॉनने ओलांडायचा टनेलिंगनेच, म्हणजे अडथळ्यातून आरपार निसटून. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेले की एकेका पातळीशी जुळताच प्रवाह एकदम चढतो. त्या चढांवरून पातळ्या वाचायच्या. १९९९ साली सोफी गेरों, मंदार देशमुख आणि सहकाऱ्यांनी त्या वाचल्या, तर हिशेबापेक्षा फारच दाट निघाल्या. कणातल्या स्पिन-लहरी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या चुंबकी दिशांत उठणाऱ्या लहरी, उद्दीपित होत असाव्यात, असा तेव्हाचा अंदाज होता.

मला या संशोधनात सर्वांत आवडते ते पुढचे पाऊल. २००१ साली देशमुख आणि सहकाऱ्यांनी कणाजवळ आणखी एक विद्युतद्वार, गेट, बसवले. आता कणातले इलेक्ट्रॉन हवे तसे कमी-जास्त करता येऊ लागले, आणि कणाचा समतोल न ढळवता मोजणे शक्य झाले. तसे मोजताच जादा पातळ्यांची ती गर्दी दिसेनाशी झाली! विहिरीतले पाणी मोजायला सोडलेल्या पोहऱ्यानेच पाणी हिंदकळावे, तसे झाले होते : प्रवाहाने कण उद्दीपित होत होता आणि त्या अवस्थांतून नव्या वाटा उघडत होत्या. शिवाय एकाच कणातल्या निरनिराळ्या अवस्थांची चुंबकी विषमदिकता, म्हणजे चुंबकत्वाचा ठरावीक दिशेकडचा ओढा, वेगवेगळी असते, हेही सिद्ध झाले. चुंबकत्व हा साऱ्या कणाचा एकच ठाम गुणधर्म नाही, एकेका इलेक्ट्रॉनने तो बदलतो.

देशमुख पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. २०१५ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

न्हावऱ्याच्या वाचकांनी ती वाळू शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावी आणि काय दिसते ते कळवावे. हे सगळे मोजमाप एक केल्विनच्या दहाव्या भागाहूनही कमी तापमानात का करावे लागते, ते पुढच्या आठवड्यात.