कोऱ्या वहीचा दाखला

एखाद्या पेढीची रोजकीर्द उघडून पाहावी आणि तीत सबंध वर्षात तोट्याची, बुडिताची किंवा परत आलेल्या मालाची एकही नोंद आढळू नये, तर मालकाचे अभिनंदन करण्यास कोणता शहाणा हिशेबनीस पुढे होईल? वही खोटी आहे, असेच तो म्हणेल. परंतु हा साधा न्याय आपण इमारतींच्या बांधकामास लावीत नाही. जेथे अनेक गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी दोन दोन वर्षे राबतात, उन्हापावसात कॉंक्रीट ओतले जाते आणि एकट्या मुकादमास दिवसात दहा कामे उरकावी लागतात, तेथील दोषनोंदीची वही कोरी असली म्हणजे काम उत्तम चालले आहे, असा तिचा अर्थ घेण्यात येतो. आमच्या मते या कोऱ्या वहीइतका वाईट दाखला दुसरा नाही.

दोष हे बांधकामाच्या जन्माबरोबरच येतात. कितीही कुशल कारागीर असला तरी ते सर्वस्वी टळत नाहीत. कॉंक्रीट नीट ठासले गेले नाही म्हणजे साचा काढल्यावर खांबात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. ओल्या मिश्रणाचा प्रवाह सुलभ व्हावा म्हणून कोणी बादलीभर पाणी जास्त ओततो आणि कॉंक्रीटची शक्ती तेवढ्याने घटते. सळईखालचे आधार सरकले म्हणजे सळई साच्यास टेकते. स्लॅबच्या सळईवर निदान 20 मिलिमीटर आणि खांबाच्या सळईवर सामान्यतः 40 मिलिमीटर कॉंक्रीटचे आवरण असावे असा नियम आहे. हे आवरण नसले तर दमट हवा लोखंडापर्यंत पोहोचते, लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्यामुळे तो कॉंक्रीट आतून फोडून बाहेर पडतो. मुंबईच्या व कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात हे किती त्वरेने घडते, ते छताचे पोपडे ज्यांच्या पानात पडले आहेत त्यांस सांगावयास नको.

आता यातील मर्म ध्यानात घ्यावे. ज्या दिवशी साचा निघाला त्या दिवशी ती छिद्रे डोळ्यांस दिसत होती. सैल भाग ठोकून काढावा, योग्य मसाल्याने तो भरावा, आणि जबाबदार इंजिनिअरने पाहून सही करावी, एवढ्यात काम आटोपले असते. पण त्यावर गिलावा चढला, रंग लागला, की तो दोष इमारतीच्या मालकीचा होतो, आणि त्याचे व्याज तेथे राहणारा कुटुंबवत्सल गृहस्थ पुढे वर्षानुवर्षे भरीत राहतो.

नियम नाहीत, अशी तक्रार करण्यास येथे मुळीच जागा नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस 456' या 2000 सालच्या संहितेत कॉंक्रीटच्या परीक्षेचे प्रमाण आकड्यांनी बांधून दिले आहे. दिवसाचे काम 5 घनमीटरपर्यंत असेल तर निदान 1 नमुना, 16 ते 30 घनमीटर असेल तर 3, 50 पर्यंत 4, आणि पुढे प्रत्येक 50 घनमीटरास किंवा त्याच्या भागास आणखी 1. प्रत्येक नमुन्याचे 150 मिलिमीटर बाजूचे तीन क्यूब भरावयाचे आणि 28 व्या दिवशी ते यंत्राखाली दाबून फोडावयाचे. 28 दिवसांत वर आणखी मजला चढलेला असतो. म्हणून शहाणा इंजिनिअर काही जादा क्यूब सातव्याच दिवशी फोडतो. साध्या सिमेंटच्या कॉंक्रीटला तोवर अंतिम शक्तीच्या सुमारे दोनतृतीयांश शक्ती आलेली असते, व त्यावरून पुढची चाहूल लागते.

परंतु क्यूब स्लॅबसाठी आलेल्या मिश्रणातून न भरता निराळे घट्ट मिश्रण कालवून भरला, तर ती परीक्षा कोणाची झाली? इमारतीची नव्हे, क्यूबची! क्यूबवर तारीख आहे, पण तो कोणत्या मजल्याच्या कोणत्या खांबाचा हे लिहिलेले नाही, तर तो नापास झाल्यावर शोधावयाचे कोठे? आणि महिन्याभराच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच शाईने, एकाच आकड्याच्या आसपास लिहिलेल्या असतील, तर त्या वहीस पुरावा म्हणावे की कादंबरी?

असे का होते? केवळ कंत्राटदाराच्या लोभामुळे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु ते अर्धेच सत्य होय. खरे कारण आमच्या मनोवृत्तीत आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे सूत्र आम्ही पिढ्यान् पिढ्या उराशी बाळगले आहे. दोष लिहिणे म्हणजे कोणावर तरी आळ घेणे, असेच आम्ही समजतो. नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण इंजिनिअर वहीत खरे लिहू पाहतो, तेव्हा त्यास सांगण्यात येते की, 'बिल अडकेल, काम थांबेल, तुझ्याने काय व्हावयाचे आहे?' त्याचा पगार ज्याच्या हातून येतो त्याच्याच कामातील उणीव त्याने लिहावी, अशी ही रचना. चार वेळा दटावणी मिळाल्यावर त्याची लेखणी आपोआप शहाणी होते.

वास्तविक संहिता स्वतः इतकी निष्ठुर नाही. क्यूब नापास झाला म्हणजे स्लॅब लगेच पाडा, असे ती म्हणत नाही. संशयित भागातून निदान तीन गाभे कापून काढावे. त्यांची सरासरी शक्ती अपेक्षित शक्तीच्या निदान 85 टक्के भरली आणि एकही गाभा 75 टक्क्यांखाली गेला नाही, तर ते कॉंक्रीट स्वीकारावे, असा मार्ग तीत सांगितला आहे. म्हणजे खरे बोलणाऱ्यास नियमात वाट आहे. लपविणाऱ्यास मात्र नशिबाखेरीज दुसरा आधार नाही.

आणि नशीब सदा साथ देत नाही. 4 एप्रिल 2013 रोजी ठाणे जिल्ह्यात शीळफाटा येथे काम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली व 74 माणसे मेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड येथे पाच मजली इमारत कोसळून 16 जण प्राणास मुकले. ती काही पिढीजात जीर्ण वाडा नव्हती. अशा अपघातांची कारणे एकेरी नसतात, आणि केवळ वही नीट ठेवल्याने ते सर्व टळले असते असे आमचे म्हणणे नाही. परंतु इमारत बोलू शकत नाही. तिच्या वतीने बोलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे ही वही. तीच मुकी केली, तर इशारा द्यावा कोणी?

2016 सालच्या स्थावर संपदा कायद्याने ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधणीतील दोष विकासकाने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असा हक्क ग्राहकास दिला आहे. हक्क मोलाचा खरा. परंतु सळईचा गंज पुष्कळदा त्या मुदतीनंतर डोके वर काढतो, आणि मुदतीत दिसला तरी कोणत्या दिवशी काय घडले याचा कागद ग्राहकाच्या हाती नसतो.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. वहीची पाने क्रमांकित असावीत व नोंद त्याच दिवशी व्हावी. प्रत्येक नोंदीत जागा, तारीख, दोष, उपाय आणि तो उपाय तपासणाऱ्याची सही असावी. गिलाव्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. प्रत्येकाच्या खिशात आज तसले यंत्र आहे, तेव्हा वेळेची सबब चालणार नाही. कंत्राटदाराच्या पगारावर नसलेल्या माणसासमोर क्यूब भरले जावेत. दोष लिहिणाऱ्यास नव्हे, लपविणाऱ्यास दंड व्हावा. आणि भोगवटा प्रमाणपत्राबरोबर या वहीची प्रत गृहनिर्माण संस्थेच्या स्वाधीन करणे बंधनकारक व्हावे.

शेवटी एक शब्द घर घेणाऱ्यांस. दार पूर्वेस आहे की नाही, स्वयंपाकघर आग्नेयेस येते की नाही, याची आपण किती बारकाईने चौकशी करतो! फरशीचा रंग पाहतो, नळ फिरवून पाहतो, मुहूर्त काढतो. परंतु ज्या खांबांवर आपली मुलेबाळे निजावयाची, त्यांचे क्यूब कधी फोडले व ते किती भाराला फुटले, हा प्रश्न कोणी विचारतो काय? तो विचारावा, आणि 'आमच्या कामात दोषच नाहीत' असे उत्तर मिळाल्यास बयाणा खिशातच ठेवून घरी परतावे. ज्या विकासकाच्या वहीत चाळीस दोष लिहिले आहेत आणि चाळिसांपुढे दुरुस्तीची सही आहे, त्याचे घर खुशाल घ्यावे.