नाव नसलेलं तट्टू

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा ओलांडल्यावर माळेगाव येतं. एरवी रस्त्यावरचं एक गाव; पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची पालखी निघाली की पुढचे काही दिवस इथल्या माळावर पाय ठेवायला जागा उरत नाही. भंडारा, वाघ्या-मुरळी, कुस्त्यांचा फड, लावणी हे सगळं असतंच, पण माळेगावची खरी ओळख जनावरांच्या बाजाराची. घोडे, गाढवं, उंट, बैल. घोड्यांत आज आधी डोळ्यांत भरतात ते मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. पाठीवर झूल, पायात चाळ, हलगी वाजली की नाचायला तयार. त्यांच्यापासून लांब, एका कडेला, चारदोन बुटकी, पोटाळ, विटक्या रंगाची तट्टं उभी असतात. त्यांच्यासोबत फोटो काढायला कुणी थांबत नाही. माझे पाय मात्र दरवेळी तिकडंच वळतात.

या मुलखानं आपल्या जनावरांना आपली नावं दिली. कंधारवरून लाल कंधारी, देवणीवरून देवणी, शेजारच्या पूर्वीच्या उस्मानाबादवरून उस्मानाबादी शेळी. तट्टू मात्र नुसतं ‘गावरान’ राहिलं. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. लाल कंधारी वाढली शेतकऱ्याच्या गोठ्यात, गावाच्या वेशीआत. तट्टू वाढलं ते गाव सोडून हिंडणाऱ्यांकडे. मेंढरं घेऊन फिरणारे हटकर धनगर, जडीबुटी विकणारे वैदू, गोसावी. ज्यांचं बिऱ्हाडच तट्टाच्या पाठीवर, त्यांच्या तट्टाला गाव कुठलं आणि गावाचं नाव कुठलं?

एके काळी मात्र याच लहान चणीच्या घोड्यांचा दबदबा होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं मोगलांना जेरीस आणलं ते हलक्या घोडदळाच्या आणि गनिमी काव्याच्या जोरावर. पुढे मराठ्यांच्या बारगीर-शिलेदारांनी तीच रीत उचलली. दख्खनच्या रक्तात अरबी घोड्यांचं रक्त मिसळत गेलं आणि भीमा-नीरेच्या काठचा भीमथडी घोडा नावारूपाला आला. 1760च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं आणि तिथून मराठवाड्याची माती तुडवत फौजा पानिपतच्या वाटेला लागल्या. लढाया संपल्या, पागा मोडल्या. घोडं उरलं ते ओझ्याला.

मी पाहिलं ते हे ओझ्याचं घोडं. सुगी उरकली की धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणारी बिऱ्हाडं, आमच्या शिवारात उतरायचा. मेंढरं रात्री शेतात बसवायची आणि त्या खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, असा व्यवहार. पुरुष कळपामागं, तट्टं हाकायच्या त्या बायका. एका तट्टावर पाल, वाकळा, भांडी. त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. कडेच्या झोळीत सकाळी जन्मलेली कोकरं आणि कधी मधोमध बसवलेलं माणसाचंही लेकरू. ओझं उतरलं की पुढच्या दोन पायांना आखूड दोर बांधून तट्टू मोकळं सोडायचं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, त्याच्या वाट्याला सणालाच यायची. एरवी माळ, ओढ्याचा काठ, पळस-हिवराचं विरळ रान, एवढ्यावर त्याचं भागायचं.

ते कसं भागायचं, याचं उत्तर घोड्याच्या पोटात आहे. गाय रवंथ करते, त्यामुळे तिला खाऊन बसायला वेळ लागतो. घोडं रवंथ करत नाही. त्याचा चारा पुढं सरकतो आणि पोटाच्या मागल्या भागातल्या मोठ्या आतड्यात आंबून पचतो. म्हणून निकस, वाळकं गवत भरपूर खाऊन ते तगतं, पण त्यासाठी दिवसाचा बहुतेक वेळ त्याला तोंड चालू ठेवावं लागतं आणि तोंडाबरोबर पायही. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. घोड्याला दोन्हीकडे असतात, त्यामुळे गाईनं सोडलेलं खुरटं गवतही ते कुरतडून घेतं. पवन्या, मारवेल मिळालं तर चंगळ, नाही तर कोवळी कुसळी. तीच कुसळी पिकली की तिची टोकं तोंडात रुततात. मग जाणती बाई तट्टाला तिथून हाकून ओढ्याकडं न्यायची. बालाघाटच्या खडकाळ माळावर चालून चालून खुरं अशी कठीण होत की नाल ठोकायची गरज क्वचितच पडायची. उलट, बांधून ठेवून दाणा चारला की हेच जनावर खुरांनी अधू होतं. त्याचा काटकपणा दावणीला मिळवता येत नाही, तो चालण्यातून येतो.

1972च्या दुष्काळात विहिरी आटल्या, कडबा संपला. तेव्हा दावणीची जनावरं आधी खंगली आणि चालणारी मागाहून, असं जुनी माणसं सांगायची. दुष्काळ सरल्यावर तट्टू माळावर परत आलं. त्याचा माळ मात्र पुढच्या वर्षांत थोडा थोडा करून गेला.

आधी गेला शहरातला आधार. नांदेड, लातूर, उदगीर या गावांत स्थानकाबाहेर टांगे उभे असत. रानात वाढलेलं शिंगरू टांग्याला विकलं की घरात रोख पैसा यायचा. ऑटोरिक्षा आल्या आणि टांगे गेले. पुढे खेड्यांतून टमटम आणि पिकअप धावू लागल्यावर ओझ्याचं भाडंही गेलं.

मग गायरानं. मराठवाड्यात भूमिहीनांनी, त्यातही दलितांनी, गायरानाच्या जमिनीसाठी मोठा लढा दिला आणि 14 एप्रिल 1990पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारनं 1991मध्ये घेतला. त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे आणि चूकही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्या माणसानं पडीक माळावर भाकरी पिकवली. पण त्याच गायरानांवर सरकारी इमारती उठल्या, वसाहती झाल्या, आता सौर प्रकल्पही येताहेत. त्या प्रत्येक वेळी, इथं चरणारं कोण होतं, हा प्रश्न कुणाच्या कागदावर आला नाही.

रानाचंही तसंच. लातूर हा राज्यातल्या सर्वांत कमी वनाच्या जिल्ह्यांपैकी एक. नांदेडचं खरं जंगल किनवट-माहूरकडं, तेही बरंचसं राखीव. सामाजिक वनीकरणानं उघड्या माळांवर रोपं लावली, भोवती चर खणले, चराईबंदी केली. हेतू चांगला होता. पण लावलं काय, तर बऱ्याच ठिकाणी सुबाभूळ. शेळीला चालणारा हा पाला घोड्याला मानवत नाही. जास्त खाल्ला तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात.

शेवटचा घाव पिकानं घातला. नव्वदनंतर लातूर सोयाबीनचा जिल्हा झाला, नांदेडही त्याच वाटेनं गेला. पैसा आला, पण ज्वारी आटली. ज्वारी आटली तसा कडबा आटला, आणि मेंढरं बसवण्याच्या बदल्यात मिळणारं धान्यही. सोयाबीन निघालं की लगेच हरभरा पेरायचा, म्हणजे वाड्याला उतरायला मोकळं रान कुठं? मेंढरांचा मुक्काम तुटला तिथं तट्टाचं कामही तुटलं.

देशभराचा आकडा हेच सांगतो. 2012च्या पशुगणनेत घोडे-तट्टं सव्वासहा लाखांच्या आसपास होती. 2019ला ती 3 लाख 40 हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट.

असं असताना नांदेडमध्येच एक पागा अखंड राहिली आहे. 1708मध्ये गुरू गोविंदसिंग इथं आले, इथंच त्यांचा शेवट झाला. त्यांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात सांभाळले जातात. दसरा-होळीला ‘हल्ला’ नावाची मिरवणूक असते, तिच्यात ते मानानं निघतात. श्रद्धा असेल तर घोडा तीनशे वर्षं टिकतो, हे त्यातून दिसतं. तट्टामागं मात्र श्रद्धा कधी नव्हती. तिथं फक्त गरज होती, आणि ती संपली.

मान मिळाला तो अलीकडे, आणि तो भीमथडीला. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंद केली. 2023मध्ये राज्यगीत झालेल्या राजा बढे यांच्या गीतातही भीमथडीची तट्टं आहेतच. हे चांगलंच झालं. पण नोंद जातीची झाली. ती जात ज्या चालण्यातून आणि ज्या चराईतून घडली, त्यांची नोंद कुठंच नाही. इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टचं उदाहरण इथं आठवतं. तिथं हजारो तट्टं रानात मोकळी चरतात, कारण आसपासच्या घरांना चराईचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या कायद्यानं आहे. त्या वर्षीची चराईची फी भरली, याची खूण म्हणून तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीनं कापतात. तट्टू, रान आणि हक्क तिथं एकाच दोरात बांधलेले आहेत. आपल्याकडे तट्टाला प्रमाणपत्र मिळालं आणि रान सुटलं.

लहानपणी एक कोडं घालायचे. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडं का अडलं? तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यानं. आज यातल्या घोड्यापाशी कोडंच अडतं, कारण फिरवायचं कुठं?

गेल्या यात्रेहून परतताना अहमदपूरच्या अलीकडे एक वाडा चालताना दिसला. चौपदरी रस्ता, शेजारून सुसाट ट्रक. मेंढरं पुढं गेली होती. मागं बाई, तिच्या हातात दोर, दोराला तट्टू. रस्ता आणि शेताचं कुंपण यांच्यामधल्या हातभर पट्टीत गवत होतं. ती बाई दर दहा पावलांना दोर सैल सोडत होती, तट्टू घाईघाईनं दोन घास ओढून घेत होतं आणि पुन्हा चालू लागत होतं.