भाकरी सोडण्याआधी एवढं वाचा

'गोश्त, अंडी, पनीर पोटभर खा, फक्त भाकरी-भात सोडा.' वजन उतरवायचा हा 'किटो' सल्ला आता आपल्या दस्तरखानापर्यंत आलाय. मुळात अमेरिकेतल्या डॉ. वाइल्डर यांनी 1921 मध्ये हा आहार सुचवला तो फिट्सच्या रुग्णांसाठी.

यात दिवसभरात कर्बोदके साधारण 20 ते 50 ग्रॅमच घ्यायची असतात. आपल्या नगरकडची 50 ग्रॅम पिठाची एक बाजरीची भाकरीच सुमारे 30 ग्रॅम देते. म्हणजे दुसऱ्या भाकरीला जागाच नाही. कर्बोदके मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळू लागते.

पहिल्या आठवड्यात वजन भरभर उतरतं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. भाकरी-बिर्याणी पुन्हा सुरू झाली की ते परत येतं.

खरा धोका शुगरवाल्यांना. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू ठेवून भाकरी बंद केली, तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गोळ्या मनानं बंद करणंही तितकंच घातक. म्हणून अम्मी-अब्बांना शुगर किंवा किडनीचा त्रास असेल, घरात कोणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाकीच्यांनी चहातली साखर, खारी-बिस्किटं आणि कोल्ड्रिंकपासून सुरुवात करावी. भाकरीचा नंबर त्यानंतर.