विश्लेषण : पांदणीत दुचाकी आदळते, शॉकअप बदलून भागेल?

वर्धा जिल्ह्यात खरिपाच्या दिवसांत शेतकऱ्याची दुचाकी हीच मालगाडी असते. युरियाची ४५ किलोंची बॅग, त्यावर डीएपीची ५० किलोंची आणि ६५ किलोंचा चालक, म्हणजे १६० किलो झाले. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांची वहनक्षमता चालकासह १३० किलोंच्या आसपास असते. मग पांदणीतल्या पहिल्याच खड्ड्यात मागचे शॉकअप तळाला टेकते आणि ‘कडक स्प्रिंग टाकून द्या’ अशी मागणी गॅरेजमध्ये होते.

स्प्रिंग कडक केली की प्रश्न सुटतो?

नाही. स्प्रिंग धक्का साठवते, संपवत नाही. तो संपवण्याचे काम शॉकअपमधील तेलाचे. अरुंद छिद्रांतून ढकलले जाताना ते धक्क्याचे रूपांतर उष्णतेत करते. नुसती स्प्रिंग जाड केली आणि आतला डॅम्पर जुनाच ठेवला, तर दबलेली स्प्रिंग झटक्यात उसळते आणि मागचे चाक हवेत उडते. आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या दगडगोट्यांच्या वाटेवर याचा अर्थ सरळ पडणे असा होतो. शॉकअपखाली तुकडे लावून गाडी उंच करणे त्याहून वाईट. त्याने स्टिअरिंगचा कोन आणि साखळीचा ताण, दोन्ही बिघडतात.

क्वाडवाले काय करतात?

परदेशात खडबडीत मैदानांवर धावणाऱ्या चारचाकी स्पोर्ट क्वाडचे हौशी चालक सुटे भाग घेण्याआधी टेप काढतात. चाक अधांतरी असताना आणि चालक बसल्यावर, असे दोनदा मोजून गाडी किती दबली ते पाहतात. ही दब एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश हवी. चालकाच्या वजनाला ती बसत नसेल तर स्प्रिंग बदलायची आणि डॅम्पर तिला जुळवून घ्यायचा. दोन्ही एकत्र, हाच नियम.

आपल्या गाडीत फुकट काय आहे?

अनेक साध्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपला पाच टप्प्यांची कडी असते. हुक पान्याने ती फिरवता येते, पण वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच टप्पा ठेवावा लागतो. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे मिस्त्रीही अनेकदा चुकीचे सांगतात. ओझ्याखाली गाडी कमी बसते, एवढेच. ओझे उतरल्यावर कडी पुन्हा खाली आणावी, नाहीतर रिकामी गाडी उड्या मारते.

पुढच्या फोर्कचे तेल मात्र विसरले जाते. वाळलेला चिखल चकचकीत नळीवर घासून ऑइल सील कापतो. नळीवर तेलाचे काळे कडे दिसले की सील गेले समजा. रबरी बूट लावल्यास ते टिकते. नवीन शॉकअपपेक्षा सील आणि ताजे तेल आधी, असे आमचे मत आहे.

मोठे बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम ५२ लक्षात घ्यावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला ते मनाई करते.

शॉकअपची मर्यादा कुठे?

हिंगणघाट, समुद्रपूरच्या काळ्या जमिनीत. पाणी मिळताच ही माती फुगते, चिकटते. चाक आणि मडगार्डमधली फट भरली की चाकच फिरत नाही, तिथे शॉकअप काय करणार? राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती अशाच वाटांसाठी. खडीकरण न झालेल्या पांदणीच्या तोंडाशी आजही गाडी उभी राहते आणि बॅग डोक्यावर किंवा बैलगाडीत जाते.