शेकाचं यंत्र

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाला गुंडाळलेला पट्टा, त्याला जोडलेल्या दोन नळ्या आणि शेजारी टेबलावर पाण्याची टाकी असलेला डबा. पंप चालू झाला की टाकीतलं पाणी पट्ट्यातून फिरतं. कधी गार, कधी गरम. एवढ्याशा डब्याला इतके पैसे कशाला, असं वाटतं. ते लागतात गार करायला आणि वेळेवर थांबायला.

गरम करणं सोपं. झाग्रेबच्या स्लावोल्युब पेंकाला यांनी शेकाच्या रबरी पिशवीचं पेटंट १९०३ मध्येच घेतलं होतं. यंत्रात तेच काम हीटरची कॉइल करते. गार करायला मात्र बर्फाइतका दांडगा गडी नाही: किलोभर बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. पेल्टिए मॉड्यूल, म्हणजे विजेवर गार होणारी चकती, बसवलं तर बर्फ आणायची कटकट जाते. शिवाय विजेचा प्रवाह उलटवला की तीच चकती पाणी गरमही करते. पण ५० वॅट उष्णता ओढणाऱ्या मॉड्यूलला त्या किलोभर बर्फाचं काम करायला पावणेदोन तासांहून जास्त वेळ लागतो. वर चकतीची दुसरी बाजू तापते, ती उष्णता पंख्याने खोलीत सोडावी लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असेल, तर बिचारी चकती ती टाकणार कुठे?

खरी कसोटी त्वचेची. मोरित्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांचे भाजण्याविषयीचे प्रयोग १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ अंशांना त्वचा भाजायला पाच-एक सेकंद पुरतात. चव्वेचाळीसला सुमारे सहा तास लागतात, पण भाजतेच. आणि चव्वेचाळीस तर हाताला सुखद वाटतं! म्हणूनच वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दहा मिनिटांहून अधिक अंगाला लागून राहणाऱ्या भागाला साधारणपणे ४३ अंशांची मर्यादा आहे. भूल दिलेल्या किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळतच नाही, अति गारव्याने नसेला होणारी इजाही नाही.

नळी मुडपली, तर हीटरपाशी अडकलेलं पाणी तापत राहतं आणि नळी सुटताच तो लोंढा थेट पट्ट्यात येतो. म्हणून तापमान पट्ट्याच्या तोंडाशी मोजायचं आणि सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेला, वीजच तोडणारा वेगळा कटऑफ ठेवायचा.

टाकीतल्या पाण्यात जंतूही वाढतात. हृदयशस्त्रक्रियेत रक्त गार-गरम करणाऱ्या यंत्रांच्या पाण्यातून ‘मायकोबॅक्टेरियम किमेरा’ हा जंतू हवेत उडाला आणि युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांना संसर्ग झाला. काहींमध्ये तो कित्येक महिन्यांनी, वर्षांनी उघड झाला. पट्ट्याचं यंत्र त्या मानाने निरुपद्रवी, तरी टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करता यायलाच हवी. कोपऱ्यात चमचाभर पाणी साचू देणारी टाकी मी तरी नापासच करेन.

असं यंत्र विकत किंवा भाड्याने घेणार असाल, तर ते किती गार होतं हे नंतर विचारा. आधी विचारा: सेन्सर बिघडला तर वीज कोण तोडतं?