वेबसाइटचं बिऱ्हाड हलवताना

आम्ही बदलापूरजवळच्या चामटोलीतल्या बचत गटांच्या बाया. आमच्या तीन गटांच्या पापड-मसाल्याच्या वेबसाइट एकाच होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत होत्या. भाडं वाढलं, म्हणून जागा बदलायचं ठरवलं. तेव्हा कळलं, आमचा पत्ता, म्हणजे डोमेन, वेबसाइट बनवणाऱ्याच्याच नावावर! महिनाभर हेलपाटे घातले, तेव्हा तो गटाच्या नावावर झाला. जागा भाड्याची चालेल, पत्ता आपल्याच नावावर हवा.

हलवण्याआधी फोटो, मजकूर, ऑर्डरींची यादी, ईमेल, सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. २००९ साली याहू कंपनीने जिओसिटीज ही फुकट जागा बंद केली, तेव्हा प्रत न ठेवलेल्या कित्येकांची पानं हरवली.

मग नव्या जागी सगळं मांडा, उघडून तपासा आणि त्यानंतरच पत्ता तिकडे वळवा. हा बदल सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागतात. तोवर काही गिऱ्हाइकांना जुनीच जागा दिसते. म्हणून जुनी जागा पंधरा दिवस तरी सोडू नका. नव्या घरात चूल पेटल्याशिवाय जुन्याची किल्ली कोण देतं?

आणि पासवर्ड एकीकडेच नको. आम्ही तो दोघींकडे ठेवलाय. पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीखही गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिली आहे.